वॉर्डातला एक प्रश्न: मेडिकल कॉलेजात सर्जन म्हणून पहिली पाच वर्षं

एका तरुण स्त्री सर्जनने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांचं एमएस (शस्त्रक्रियेतली पदव्युत्तर पदवी) झालंय आणि सिनियर रेसिडेन्सीचं वर्ष दोन महिन्यांत संपतंय. शिकवायची आवड आहे, संशोधन करावंसं वाटतं. पण आपल्याकडे त्याला वेळ नाही, पैसा नाही आणि वाट दाखवणारं कुणी नाही, असं त्यांचं म्हणणं. घरचे म्हणतात हॉस्पिटल टाक. बरोबरीचे एमसीएचच्या, म्हणजे पुढच्या सुपरस्पेशालिटी पदवीच्या मागे लागलेत. अशा वेळी असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागायचं ठरवलं, तर पहिल्या पाच वर्षांत नेमकं काय करायचं? शेवटी एक छोटा प्रश्नही जोडलाय: एमएसचा प्रबंध कपाटात पडून आहे, त्याचं आता काही होईल का?

मी सत्तावीस वर्षं सरकारी महाविद्यालयांत शस्त्रक्रिया शिकवतोय. लेक्चरर म्हणून लागलो, आता युनिट सांभाळतो. मधल्या काळात तीन जिल्ह्यांत बदल्या झाल्या. त्यामुळे जे लिहितोय ते अशाच महाविद्यालयांतलं आहे, जिथे इमर्जन्सीच्या दिवशी वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकाव्या लागतात. संशोधनासाठी वेगळा वेळ राखून मिळणाऱ्या मोठ्या संस्थांचा अनुभव मला नाही.

आधी हाताबद्दल बोलतो. पहिली दोन वर्षं रात्रीची इमर्जन्सी टाळू नका. फुटलेलं आतडं, अडकलेला हर्निया, ट्रॅक्टरखाली आलेला मुलगा हे सगळं रात्री येतं, आणि नव्या असिस्टंट प्रोफेसरला पोट उघडल्यावर एकट्याने निर्णय घ्यायची सवय तिथेच लागते. रेसिडेन्ट असताना मागे कुणीतरी असतं. आता मागे कुणी नसतं, आणि समोरचा जेआर-टू (दुसऱ्या वर्षाचा रेसिडेन्ट) तुमच्याकडे बघत असतो. आतडं जोडायचं, की स्टोमा काढायचा, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर बाहेर आणायचं? रुग्णाचं बीपी नव्वदवर आहे, रक्ताची एकच पिशवी आलीय, आणि भूलतज्ज्ञ म्हणतायत लवकर आटपा. असे शंभरेक निर्णय पदरी पडल्यावर हात बसतो आणि डोकंही शांत होतं. हात बसलेला नसेल तर तुमच्या निबंधांकडे युनिटमध्ये कुणी वळून बघणार नाही, आणि त्यांचं फारसं चुकतही नाही.

पण त्याच दोन वर्षांत दुसरं एक काम सुरू करायचं असतं, आणि जवळपास सगळे ते पुढे ढकलतात. स्वतःची एक वही ठेवा. संगणकावर ठेवलीत तरी चालेल, मी अजून कागदावरच ठेवतो. ओटी (ऑपरेशन थिएटर) रजिस्टर रुग्णालयाचं असतं, त्यात ऑपरेशनचं नाव आणि सर्जनचं नाव असतं, पुढचं काही नसतं. तुमच्या वहीत रुग्णाचं नाव नको, फक्त इनडोअर नंबर, म्हणजे रुग्ण दाखल झाल्याचा नंबर. त्यापुढे निदान काय वाटलं होतं आणि काय निघालं, दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंत किती तास गेले, ऑपरेशनचा कोणता टप्पा कुणी केला, काय अडलं. आणि शेवटचा रकाना: तिसाव्या दिवशी रुग्ण कसा आहे. हा रकाना भरायला सगळ्यात अवघड आहे. माझं बहुतेक शिक्षण त्याच रकान्याने केलंय.

माझ्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट सांगतो. तेव्हा ड्युओडेनल पर्फोरेशनचे, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीला भोक पडलेले रुग्ण आमच्याकडे पुष्कळ यायचे. मी त्यांच्यावर एक छोटा निबंध लिहिला आणि पाठवला. परीक्षकाने दोनच ओळींत परत पाठवला: पहिल्या तक्त्यात जेवढे रुग्ण आहेत त्यापेक्षा दुसऱ्या तक्त्यात तीन कमी का? मी केसपेपर परत काढले. ते तिघे डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी घेऊन गेले होते. नातेवाइकांनी सही करून रुग्ण घरी नेला होता. मी त्यांना "माहिती उपलब्ध नाही" म्हणून वगळलं होतं. कागद नीट वाचले तेव्हा लक्षात आलं, तिघांचीही लघवी कमी झाली होती, तिघंही उशिरा आले होते. घरच्यांना कळलं होतं की माणूस राहणार नाही आणि त्यांना त्याला गावी न्यायचं होतं. माझ्या तक्त्यात मृत्यूंचा आकडा छान दिसत होता, कारण मी सर्वांत वाईट तीन माणसं बेरजेतून काढून टाकली होती. तो निबंध मी मागे घेतला. आजही कुणा रेसिडेन्टने मास्टर चार्ट (सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा तक्ता) आणून दाखवला की मी आधी विचारतो, डामाचे रुग्ण कुठे आहेत?

जखमांचंही तसंच. वॉर्डातल्या नोंदींवरून आमच्या युनिटमध्ये जखम पिकण्याचं प्रमाण बरंच कमी वाटायचं. पण आठव्या दिवशी टाके काढून रुग्ण घरी जायचा, आणि पस त्यानंतर व्हायचा. मग तो तालुक्याच्या ठिकाणी कुणाकडे तरी ड्रेसिंग करून घ्यायचा. आमच्यापर्यंत ते येतच नव्हतं. तेव्हा सगळ्यांकडे फोन नव्हते. माझ्या हाताखालच्या एका रजिस्ट्रार डॉक्टरने डिस्चार्ज कार्डाबरोबर पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं द्यायला सुरुवात केली. पन्नास पैशांचं कार्ड, मागे तीन प्रश्न छापलेले: जखमेतून पाणी किंवा पस आला का, ताप आला का, कुणाकडे दाखवावं लागलं का. बरीच कार्डं परत आली. काही शाळेतल्या पोरांच्या अक्षरात, काही ग्रामसेवकाच्या. एकावर उत्तरांच्या खाली लिहिलं होतं, "बाबा आता शेतात जातात." आमचा खरा आकडा काय आहे ते त्या कार्डांनी दाखवलं. तो आकडा विभागप्रमुखांपुढे ठेवताना मला धाकधूक होती. त्यांनी तो पाहिला, आणि पुढच्याच आठवड्यात ओटीतल्या ऑटोक्लेव्हची, म्हणजे उपकरणं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची तपासणी लावली.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर याच्यातच आहे. संशोधनाचा विषय शोधत बसू नका. वही प्रामाणिकपणे भरलीत तर वर्षभरात एक प्रश्न तुमच्या मागे लागेल आणि झोपू देणार नाही. तो एकच प्रश्न धरा आणि पाच वर्षं त्याला चिकटून राहा. दरवर्षी नवा विषय, कधी थायरॉइड, कधी मूळव्याध, कधी डायबेटिक फूट, असं केलंत तर यादी लांब होते, पण तुम्हाला विचारायला कुणी येत नाही. पाच वर्षं एकाच गोष्टीच्या नोंदी ठेवणारा माणूस आपल्या जिल्ह्यात तरी त्या गोष्टीचा जाणकार होतोच.

पैसा नाही म्हणता, ते खरं आहे. पण ही उदाहरणं पाहा. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा गावात डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर सर्जन म्हणून काम करत. हर्नियाला जाळी बसवली तर तो परत होण्याचं प्रमाण कमी होतं हे ठाऊक होतं, पण कंपनीची जाळी मजुरी करणाऱ्या माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. त्यांनी आणि डॉ. ब्रह्मा रेड्डी वगैरे सहकाऱ्यांनी मच्छरदाणीचं विशिष्ट कापड निर्जंतुक करून वापरलं, वेगवेगळ्या ठिकाणच्या रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या आणि २००३ साली 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त छापल्या. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर स्वस्त जाळी आणि कंपनीची जाळी अशी यादृच्छिक तुलना झाली. ती २०१६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली. एका वर्षात स्वस्त जाळीच्या गटात एकाला हर्निया परत झाला, दुसऱ्या गटात कुणालाच नाही, आणि हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. दोंडाईचात मेडिकल कॉलेज नाही. तिथे प्रश्न होता आणि नोंदी होत्या.

दुसरं उदाहरण मुंबईच्या टाटा मेमोरियलचं. ते मोठं रुग्णालय आहे हे मान्य, पण प्रश्न किती साधा आहे ते बघा. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं तर काही फरक पडतो का? आपल्या प्रत्येक ओटीच्या ट्रॉलीवर असणारं तेच लिग्नोकेन. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी ११ केंद्रांतल्या १,६०० स्त्रियांवर हे तपासलं. २०११ मध्ये सुरू झालेला अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण इंजेक्शनच्या गटात ९०.१ टक्के आणि इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के होतं. त्याच संस्थेतून डॉ. अनिल डिक्रूझ यांनी तोंडाच्या कर्करोगातला जुना वाद सोडवला: मानेत गाठी हाताला लागत नसताना पहिल्याच ऑपरेशनमध्ये मान साफ करायची, म्हणजे तिथल्या ग्रंथी काढून टाकायच्या, की गाठी दिसेपर्यंत थांबायचं? २०१५ साली छापलेल्या ५०० रुग्णांच्या निष्कर्षात तीन वर्षांनी हयात असणारे ८० टक्के विरुद्ध ६७.५ टक्के निघाले. तंबाखूमुळे आपल्याकडे हे रुग्ण इतके आहेत की या प्रश्नाचं उत्तर भारतातूनच यायला हवं होतं.

आता आपल्याकडच्या एमएसच्या प्रबंधांकडे बघा. अपेंडिक्सच्या निदानासाठी लक्षणांना गुण देणारा अल्वाराडो स्कोअर १९८६ चा, रिपासा २०१० चा. या दोघांची तुलना करणारे प्रबंध दरवर्षी कितीतरी महाविद्यालयांत होतात, जवळजवळ त्याच शब्दांत. मी स्वतः एक गाईड केलाय, म्हणून हे मनापासून सांगतो: त्यातून रेसिडेन्टला टायपिंग येतं आणि रुग्णाला काहीही मिळत नाही. त्याच अपेंडिक्सच्या रुग्णांत वेगळा प्रश्न विचारता येतो. पोट दुखायला लागल्यावर माणूस आधी कुणाकडे गेला, तिथे काय टोचलं, सोनोग्राफीसाठी किती किलोमीटर जावं लागलं, आणि या वाटेत किती तास गेल्यावर अपेंडिक्स फुटलेलं सापडतं? हे तुमच्या जिल्ह्याबाहेरचा माणूस लिहू शकत नाही. साहित्याचा खर्च एका फॉर्मच्या झेरॉक्सचा.

नोंदी सुरू करण्याआधी पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्य आणि संख्याशास्त्र बघणाऱ्या विभागात जा. हा सल्ला मला फार उशिरा मिळाला. आपण सर्जन लोक दोन वर्षं माहिती गोळा करतो आणि मग ती पिशवीत घालून संख्याशास्त्राच्या माणसापुढे ओततो. तो बिचारा काय करणार? सुरुवातीलाच चहा पिऊन त्याला विचारा: माझा मुख्य परिणाम कोणता धरू, किती रुग्ण लागतील, कोणती गोष्ट आकड्यात लिहू आणि कोणती हो-नाही मध्ये. पीएसएममधल्या तुमच्याच वयाच्या एका सहकाऱ्याशी घट्ट जोडी जमवा. त्यांना वॉर्डातले रुग्ण हवे असतात, आपल्याला आकड्यांची शिस्त हवी असते. माझ्या बऱ्याच कामांत दुसरं नाव पीएसएमचं आहे.

मोठ्या बहुकेंद्री अभ्यासांत सामील व्हायची संधी आली तर सोडू नका. जखमा पिकण्याचाच विषय घ्या. 'फाल्कन' या अभ्यासात भारतासह सात देशांतल्या ५४ रुग्णालयांत ५,७८८ रुग्ण घेतले होते. त्वचा साफ करायला क्लोरहेक्सिडिन की पोव्हिडोन आयोडिन, आणि टाक्यांना ट्रायक्लोसान लावलेला महाग धागा की साधा? २०२१ चा निष्कर्ष असा की कशानेच फरक पडला नाही. पुढच्या वर्षी 'चीता' अभ्यास आला, ८१ रुग्णालयं, १३,३०१ रुग्ण. पोट बंद करण्याआधी सगळ्यांनी हातमोजे आणि उपकरणं बदलली तर जखम पिकण्याचं प्रमाण १८.९ वरून १६ टक्क्यांवर आलं. मी वाचलं त्या आठवड्यात आमच्या ओटीच्या सिस्टरांबरोबर बसलो आणि बंद करायच्या उपकरणांचा वेगळा छोटा ट्रे बांधायला लावला: एक नीडल होल्डर, दोन फोर्सेप्स, कात्री, दोन आर्टरी फोर्सेप्स. वेगळं काही विकत घ्यावं लागलं नाही, असलेल्यातूनच निघालं. अशा अभ्यासांत नोंदी भरणाऱ्या प्रत्येक केंद्रातल्या डॉक्टरांची नावं सहयोगी म्हणून छापली जातात. त्याहून मोलाचं म्हणजे, तिसाव्या दिवशीचा फॉलोअप भरला नाही तर दुसऱ्या गावाहून फोन येतो. ती शिस्त युनिटला लागते आणि नंतर टिकते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. संस्थेच्या नैतिकता समितीचं पत्र हातात आल्याशिवाय पहिला रुग्ण घ्यायचा नाही. उपचारात काही बदल करून बघणार असाल तर सीटीआरआयमध्ये, म्हणजे देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणीही आधीच हवी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. समितीची बैठक तुमच्याकडे किती महिन्यांनी होते ते विचारून मगच वेळापत्रक आखा. बढतीचे नियम बदलत असतात, ताजं राजपत्र स्वतः वाचा. २०२२ च्या नियमावलीप्रमाणे असोसिएट प्रोफेसर होण्यासाठी असिस्टंट म्हणून चार वर्षं, दोन शोधनिबंध, वैद्यकीय शिक्षणतंत्राचा मूलभूत अभ्यासक्रम आणि जैववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत अभ्यासक्रम लागत असे; २०२५ मध्ये तिच्या जागी नवी नियमावली आली. हा दुसरा अभ्यासक्रम चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आहे आणि ऑनलाइन शिकता येतो. पहिल्याच वर्षी करून टाका. बढतीसाठी म्हणून सगळे करतात, पण नमुना किती घ्यायचा, प्रश्न कसा मांडायचा हे त्यात खरोखर चांगलं शिकवलंय. निव्वळ एका रुग्णाची गोष्ट सांगणारा निबंध त्या मोजणीत धरत नव्हते.

निबंधांबद्दल दोन गोष्टी मात्र मी जीव तोडून सांगेन. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नका. "आदरणीय महोदय, आपला बहुमोल लेख पाठवावा" अशा मेल तुम्हाला येऊ लागल्या असतीलच. तिथे छापलेलं काम संपलं असं समजा, कारण ते परत दुसरीकडे छापता येत नाही आणि कुणी वाचतही नाही. दुसरं, नावांचं. मी नवा असताना एका निबंधावर, त्यातलं एक अक्षरही न वाचलेल्या वरिष्ठांचं नाव पहिलं घातलं. घालावं लागलं, असं तेव्हा स्वतःला समजावलं होतं. ज्या रजिस्ट्रारने रात्री जागून केसपेपर काढले त्याचं नाव चौथं गेलं, आणि बढतीच्या मोजणीत मागच्या नावांना फारसं महत्त्व नसतं. त्याने कधी बोलून दाखवलं नाही. मला ते अजून टोचतं. आता आमच्या युनिटमध्ये काम सुरू करतानाच एका कागदावर लिहितो: प्रश्न कुणाचा, नोंदी कोण करणार, लिहिणार कोण, आणि त्यावरून नावांचा क्रम. सगळ्यांच्या सह्या. नंतर काम कमी-जास्त झालं तर कागद पुन्हा काढून बदलतो. वरिष्ठांनाही हा कागद सुरुवातीला दाखवला तर ते सहसा अडत नाहीत. अडचण होते ती निबंध तयार झाल्यावर विषय काढला की.

आता शिकवण्याबद्दल, कारण "शिकवायची आवड" हे तुम्ही सगळ्यात आधी लिहिलंय.

पोटाच्या ऑपरेशनला सर्जन रुग्णाच्या उजव्या बाजूला उभा राहतो, मदतनीस डाव्या. शिक्षक व्हायचं म्हणजे तुम्हाला डावीकडे जाऊन उभं राहावं लागतं, आणि पहिले काही महिने ते फार जड जातं. नुकताच तुमचा स्वतःचा हात बसलाय. समोर जेआर-टू आयुष्यातला पहिला हर्निया करतोय. एक्सटर्नल ऑब्लिकचा पडदा उघडला, आता नस दिसायला हवी. त्याला ती दिसत नाही. तुम्हाला दिसतेय, पांढरी, बारीक, कॉर्डवर (वृषणाकडे जाणाऱ्या दोरीवर) तिरकी पडलेली. हात पुढे करून दाखवायचा मोह होतो. दाखवू नका. कॉर्ड किंचित तुमच्याकडे ओढा, दिव्याचा झोत सरकवायला सांगा, आणि थांबा. साधारण अर्ध्या मिनिटात त्याचा फोर्सेप्स बरोबर तिच्याजवळ जाऊन थांबतो आणि तो मान वर करून बघतो. त्यानंतर तो आयुष्यभर ती नस चुकत नाही. पण थांबायचं कुठे आणि कात्री हातातून घ्यायची कधी, हे तुम्ही आधीच मनाशी ठरवलेलं हवं. रक्त यायला लागलं आणि ते कुठून येतंय हे त्याला दहा सेकंदात सांगता आलं नाही, तर मी जागा बदलतो. हा माझा नियम आहे. ऑपरेशनच्या आधी हात धुतानाच तो त्याला सांगतो, म्हणजे मग त्याला अपमान वाटत नाही. रुग्णालाही आधी सांगितलेलं असतं की ऑपरेशन कोण करणार आणि बाजूला कोण उभं असणार.

वॉर्डातल्या क्लिनिकला तीसेक मुलं येतात, रुग्ण एक. ज्याचं पोट दुखतंय त्याच्या पोटावर तीस हात पडू देऊ नका. दोघांना तपासू द्या, बाकीच्यांना रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघायला सांगा. हात कुठे गेल्यावर कपाळावर आठी पडते ते त्यांनी सांगायचं. मग रुग्णाचा शर्ट नीट करून, त्याला विचारून, त्याच्यासमोरच मराठीत समजावा. मुलं इंग्रजीत वाचतीलच. आजार काय आहे हे त्या माणसाला अनेकदा तिथेच पहिल्यांदा कळतं.

घर, पैसा आणि एमसीएच. एमसीएच करायची खरी ओढ असेल, म्हणजे यकृत किंवा लहान मुलांच्या शस्त्रक्रियेशिवाय दुसरं काही सुचतच नसेल, तर जरूर करा. तीन वर्षं आहेत, परत येऊनही शिकवता येतं. नुसतं सगळे जातायत म्हणून जाऊ नका. जिल्ह्यांतल्या मेडिकल कॉलेजांना जनरल सर्जनची गरज कमी झालेली नाही. कायम पद लोकसेवा आयोगातून मिळतं, जाहिराती कधीही येतात, आणि तोवर तात्पुरत्या नेमणुकांवर काढावं लागतं. त्या काळात नेमणुकीचा आणि कार्यमुक्तीचा प्रत्येक आदेश, अनुभवाचा प्रत्येक दाखला स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा. एका दाखल्यासाठी माझ्या एका सहकाऱ्याची बढती दीड वर्ष अडकली होती. घरच्यांना सांगायचं झालं तर आकड्यांत सांगा: खासगी हॉस्पिटलला लागणारं कर्ज किती, हप्ता किती, इथला पगार किती. माझ्या वडिलांना मी तसंच एका संध्याकाळी कागदावर मांडून दाखवलं होतं. ते लगेच पटले नाहीत, पण विषय थांबला.

तुम्ही लिहिलं नाहीत, तरी एक गोष्ट सांगतो. स्त्री सर्जन म्हणून तुम्हाला ब्रेस्टची ओपीडी आणि ड्रेसिंगच्या फेऱ्या आपोआप दिल्या जातील, आणि ट्रॉमा (अपघाताचे रुग्ण), लॅपरोटोमी (पोट उघडून करायची ऑपरेशनं) दुसऱ्या कुणाकडे जातील. कुणी वाईट हेतूने करेलच असं नाही, तशी सवयच पडलीय. ब्रेस्टचं काम उत्तम आहे, आवडत असेल तर तोच तुमचा पाच वर्षांचा प्रश्न होऊ शकतो. पण दुसऱ्याने परस्पर ठरवू देऊ नका. युनिट हेडना पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांगा की इमर्जन्सीच्या यादीत माझं नाव बाकीच्यांइतकंच हवं. बाळंतपणाची रजा घ्यायची वेळ आली तर चालू अभ्यासाची जबाबदारी लेखी कुणाकडे तरी सोपवा, नावांच्या क्रमाच्या त्या कागदावरच. आमच्या युनिटमधल्या एका असिस्टंट प्रोफेसरने असं केलं. रजेवरून आल्यावर काम तिच्याच नावाने पूर्ण झालं.

वाट दाखवणारं कुणी नाही म्हणता, तर दोन वेगवेगळी माणसं शोधा. ऑपरेशन शिकवणारा आणि लिहिणं शिकवणारा एकच असेल अशी अपेक्षा ठेवू नका, फार क्वचित तसं असतं. लिहिणं शिकवणारा दुसऱ्या गावातला असला तरी चालतो. असोसिएशन ऑफ सर्जन्स ऑफ इंडियाच्या महाराष्ट्र शाखेच्या परिषदेत निबंध वाचा. आठ मिनिटं मिळतात, समोर वीस माणसं असतात. त्यातल्या ज्याने सगळ्यात अडचणीचा प्रश्न विचारला, त्याला नंतर जेवणाच्या रांगेत गाठा. मला माझे गुरू तसेच भेटले. जखमांच्या कामावर त्यांनी मला विचारलं होतं, "तुमच्या न परतलेल्या पोस्टकार्डांचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढची अठरा वर्षं माझा प्रत्येक मसुदा त्यांनी लाल पेनाने तपासला.

वेळेचं एकच सांगतो. आठवड्यातली दोन तासांची एक वेळ ठरवा, जी इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी नाही आणि ओटीच्या दिवशी नाही. माझी गुरुवारी दुपारी तीन ते पाच आहे, ग्रंथालयात, फोन ड्यूटी रजिस्ट्रारकडे. वर्षाला शंभरेक तास होतात. त्यातले निम्मे वाया गेले तरी एक निबंध होतो.

आता तुमचा कपाटातला प्रबंध. होय, त्याचं होऊ शकतं, पण या तीन गोष्टी तुमच्याकडे असतील तरच: नैतिकता समितीच्या मंजुरीचं पत्र, मूळ मास्टर चार्ट, आणि ते रुग्ण ज्या केसपेपरांतून घेतले त्यांचे इनडोअर नंबर. आधी हे शोधा. मग गाईडना फोन करा, त्यांच्याशिवाय काहीही पाठवू नका. नावांचा क्रम त्या फोनवरच बोलून घ्या. शंभर पानांतला परिचय आणि जुन्या साहित्याचा आढावा बाजूला ठेवा, मास्टर चार्ट पीएसएमच्या सहकाऱ्याकडे न्या आणि एकच प्रश्न निवडून अडीच हजार शब्दांत नव्याने लिहा. जुनी वाक्यं उचलू नका. ज्या वर्षी रुग्ण घेतले ते वर्ष लपवू नका. आणि मास्टर चार्ट उघडलात की आधी ओळी मोजा, पद्धतीच्या प्रकरणात लिहिलेल्या आकड्याशी जुळतात का बघा. जुळल्या नाहीत, तर जे गळालेत त्यांचे केसपेपर रेकॉर्ड रूममधून मागवा. जुने केसपेपर किती वर्षांनी काढून टाकतात हे तिथल्या लिपिकाला विचारा, आणि ती मुदत जवळ आली असेल तर याच आठवड्यात जा.